घोड्याच्या घरचं प्यादं

“कोणाला पटणार नाही, आणि पटलं तर त्या माणसाला डॉक्टरकडे न्यावं,” मधुसूदन पांढरीपांडे कचेरीसमोरच्या हॉटेलात बशीत चहा ओतता ओतता म्हणायचा, “पण अख्ख्या हिंदुस्थानचा बुद्धिबळाचा विजेता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला. फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा. फुलचंद राठोड. आणि त्याला स्पर्धेला घेऊन गेलो होतो मी.” गेल्या पाच वर्षांत हे वाक्य त्याच्या जिभेला इतकं सरावलं होतं की ते म्हणताना त्याला चहाची चवसुद्धा लागे. त्यापुढचं मात्र दर वेळी निराळं असायचं. स्पर्धा कधी मद्रासला झालेली असायची, कधी हैदराबादला, एकदा तर त्यानं ती म्हैसूरच्या राजवाड्यात भरवली होती आणि हत्तीवरून प्यादी वाटली होती. फुलचंदनं घोडा ठेवल्यावर समोरचा विजेता उठून उभा राही. एखाद्या पावसाळी दिवशी, श्रोते चांगले असले तर, तो पायातले बूटही काढी. मग विजेत्यांच्या यादीत फुलचंदचं नाव का नाही, असं कोणी विचारलंच तर त्याचंही उत्तर तयार होतं: सही करायच्या जागी फुलचंदनं अंगठा उठवला, आणि अंगठ्याचं स्पेलिंग काही त्या लोकांना येईना. लोक हसायचे. हसले म्हणजे पुढचं विचारत नाहीत, हे मधुसूदनला तीस वर्षांच्या कारकुनीत कळलं होतं. एक गोष्ट मात्र त्यानं कधी बदलली नाही. राजवाडा असो की शाळेचा हॉल, काळा राजा घोड्यापासून नेहमी तेवढ्याच अंतरावर उभा असायचा. शेवटच्या ओळीत, मधली दोन घरं सोडून. ती जागा बदलायला गेलं की त्याची जीभ जड व्हायची.

सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी त्यानं अजून तोंड उघडलंही नव्हतं. रस्त्यावरून निवडणुकीची जीप भोंगा वाजवत गेली, जिनिंग कारखान्याकडून उडत आलेला कापूस चहाच्या सायीवर बसला, आणि रेकॉर्डातला नवा कारकून नंदकिशोर नागपूरचा पेपर नाचवत आत आला. “या पांढरीपांडेसाहेब! तुमच्या बुद्धिबळाचा सारा इतिहास आला आज. पंचावन सालापासून आजपर्यंत. कोण जिंकलं, कुठं जिंकलं, सारं. वाचू?” आणि परवानगीची वाट न पाहता तो वाचायला लागला. साल, गाव, नाव. साल, गाव, नाव. मधुसूदन नावं ऐकत नव्हता. सत्तावन्नचं गाव नंदकिशोरनं खणखणीत वाचलं तेव्हा त्याची बशी ओठाशीच थांबली, कारण ते गाव त्यानं दहा वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. “अंगठेवाल्याचं नाव नाहीच बाप्पा यात,” नंदकिशोर म्हणाला. हॉटेल हसलं. मधुसूदनही हसला. “पण थांबा, खाली काही गमती दिल्या आहेत. ऐका. ‘सत्तावन्न सालच्या स्पर्धेत विदर्भातील एका खेडुताने हमखास जिंकलेल्या डावात प्यादे शेवटच्या घरी पोचल्यावर वजिराऐवजी घोडा मागून घेतला व डाव घालवला. प्रेक्षकांची चांगलीच करमणूक झाली.’ हे कोण हो साहेब? तुमच्यासंगं गेला असन दुसरा कोणी?”

करमणूक. मधुसूदननं बशी खाली ठेवली. ती ठेवताना टक्कन आवाज झाला, लाकडावर लाकूड ठेवल्यासारखा, आणि त्या आवाजानं त्याच्या मनगटापासून खांद्यापर्यंत एक शीण चढत गेला. “असेल कोणी,” तो म्हणाला. “काम आहे घरी.” मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, बूट तं काढू द्या त्या विजेत्याले!” पण तो रस्त्यावर आला होता.  पेपर हॉटेलातच राहिला हे त्याच्या चार पावलांनंतर लक्षात आलं, आणि मग हे लक्षात आलं की एक पेपर मागं ठेवून किंवा पुढं नेऊन काहीच होत नाही. नागपूरचा पेपर सगळीकडे येतो. नॉर्मल स्कूलच्या वसतिगृहातही येतो. आणि आज रविवार. गंगी जेवायला येणार.

गंगी म्हणजे फुलचंदची मुलगी. सतरा वर्षांची, शिक्षकिणीच्या ट्रेनिंगला यवतमाळात राहिलेली, तांड्यावरून शिकायला आलेली पहिलीच पोर. तिची फी, तिची जागा, तिचा अर्ज सारं मधुसूदननं धावपळ करून केलं होतं, आणि पद्मजानं, त्याच्या बायकोनं, एकदा भाजी निवडता निवडता विचारलं होतं, “दुसऱ्याच्या लेकीसाठी इतकं कोणी करत नाही हो. काय देणं लागता तुम्ही त्यांचं?” तिनं ते सहज विचारलं होतं. तो मात्र त्या दिवशी न जेवताच कचेरीत गेला.

छप्पन साल. कचेरीवरची डेप्युटी कमिश्नरची पाटी उतरवून कलेक्टरची चढवली त्या महिन्यात फुलचंद पहिल्यांदा आला होता. जमिनीच्या पट्ट्याची सुनावणी होती, आणि राज्यच बदलल्यामुळं कागद नागपूरला की मुंबईला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून येणाऱ्याला बसवून ठेवायचं. फुलचंद बसला. निंबाखालच्या ओट्यावर कोळशानं पट आखला, पांढरी बाजू सरकीची, काळी गोट्यांची, आणि येईल त्याला हरवू लागला. उंच, वाळका, लाल पटका, कानात बाळी. खेळताना पटाकडे बघायचा नाही, बैलाच्या पाठीवरचा भार नीट आहे का हे नुसत्या चालीवरून ओळखणाऱ्या माणसासारखा भलतीकडेच बघत राहायचा. त्याच्या आज्यानं लदेणीवर हा खेळ शिकवलेला. मिठाच्या गोण्या लादलेले बैल मुक्कामाला बसले की आजा पट मांडायचा. मधुसूदन तेव्हा यवतमाळातला पहिल्या नंबरचा खेळाडू. मुंबईहून मागवलेलं इंग्रजी पुस्तक, पेटीतली बॉक्सवुडची मोहरी, क्लबात साहेबांशी शनिवारी डाव. मधल्या सुट्टीत तो गंमत म्हणून ओट्यावर बसला आणि त्याला मात झाली. नुसती मात नाही, प्यादेमात. जुन्या खेळात प्याद्यानं मात करणं हा मोठा मान, पण ज्याला होते त्याच्यासाठी तो तोंडावर मारलेला जोडा असतो. हेडक्लार्क सदाशिवराव खिडकीतून बघत होते. “अहो पांढरीपांडे, तुम्ही पुस्तक वाचून खेळता, तो सरकी मांडून खेळतो. मग मात कोणाला झाली म्हणायची, पुस्तकाला की तुम्हाला?” सारी कचेरी हसली. आणि फुलचंद, हे मधुसूदनला अजून आठवतं, फुलचंद हसला नाही. तो घाबऱ्याघाबऱ्या उठला आणि म्हणाला, “बाबूजी, मले मालूम नव्हतं. तुमी सायेब माणूस. पुन्हा एक डाव खेळू, मी हारून देतो.”

मी हारून देतो. या तीन शब्दांचं काय करायचं हे मधुसूदनला आजतागायत कळलेलं नव्हतं. कोणी ते टोचून म्हटलं असतं तर त्यानं उलट टोचलं असतं. पण ते मायेनं म्हटलेलं होतं, आणि मायेनं दिलेला घाव कुठं दाखवणार? तरी त्यानंतर दोघांची मैत्री जमली, खरी जमली. फुलचंद आला की मधुसूदन त्याला घरी न्यायचा. पद्मजा वाढायची. फुलचंद म्हणायचा, “तुमी कोर, बाहेरचे; आमी गोर, बंजारे. आमच्यात म्हणतात, गोरानं गोराचाच भरोसा करावा. पण तुमच्याकडचं वरण खाल्लं का मले याद राहत नाही कोण कोण हाय.” मधुसूदन त्याच्यावर जीव टाकत होता, आणि जिथं जीव टाकत होता तिथंच, त्याच जागी, काहीतरी सडत होतं. मग सत्तावन्न साली राष्ट्रीय स्पर्धेची खबर आली. आपल्या भागातून एक जण जाणार, निवड नागपूरला. जुन्या देशी खेळाचे डाव लावून निवड झाली, कारण निवडणारे म्हातारेही तोच खेळ खेळत मोठे झालेले. शेवटच्या डावात समोरासमोर कोण यावं? मधुसूदननं वीस वर्षं या स्पर्धेची वाट पाहिली होती, अशी स्पर्धा नव्हती तेव्हापासून. फुलचंदनं त्याला चाळीस चालींत हरवलं, आणि या वेळी प्याद्यानं मात होत असताना ती न करता हत्तीनं केली. बाबूजींचा मान राखायला. ते मधुसूदनच्या लक्षात आलं, आणि आपल्याशिवाय कोणाच्याच लक्षात आलेलं नाही हेही लक्षात आलं.

स्पर्धा मात्र नव्या नियमांची होती, विलायती. तेव्हा फुलचंदला नियम कोण शिकवणार? मधुसूदनच. महिनाभर दुपारच्या सुट्टीत रेकॉर्डरूममध्ये, बांधलेल्या बस्त्यांच्या वासात, पुस्तक मांडीवर घेऊन तो एकेक नियम मराठीत सांगायचा, आणि समोर उकिडवा बसलेला फुलचंद तो डोळे मिटून ऐकायचा. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची ती आता नाही. किल्लेकोट असा करायचा. जाता जाता प्यादं असं मारायचं. फुलचंद एकदा ऐकायचा आणि ते त्याचं व्हायचं. मग एक दिवस ते पान आलं. प्यादं शेवटच्या ओळीला पोचलं म्हणजे काय होतं. मधुसूदननं पहिलं वाक्य वाचलं, तोच फुलचंद डोळे न उघडता म्हणाला, “हे राहू द्या बाबूजी, हे येते मले. ज्या घरी पोचलं त्या घरचं होते. हत्तीच्या घरी हत्ती, घोड्याच्या घरी घोडा.” जुन्या खेळात तसंच होतं. नव्या खेळात प्यादं कुठल्याही घरी पोचो, वजीर मागता येतो. ते खाली, चौथ्या ओळीत लिहिलं होतं. मधुसूदनला ती चौथी ओळ दिसत होती. बाहेर पट्टेवाल्याच्या घंटेचा टोल पडला. खिडकीच्या गजातून आलेला उन्हाचा पट्टा पुस्तकावर होता आणि त्यात धुळीचे कण सावकाश वर चालले होते. त्याला काही ठरवल्याचं आठवत नाही. त्यानं पुष्कळदा आठवून पाहिलं, रात्रंदिवस पाहिलं, पण ठरवल्याचा क्षण सापडत नाही. एवढंच आठवतं की अंगठ्याला जिभेचं ओलं लावलं आणि पान उलटलं.

उद्या सांगू, असं त्याला वाटलं होतं. हे खोटं नाही. दुसऱ्या दिवशी मार्चअखेरची कामं निघाली. मग वाटलं, गाडीत सांगू. वर्ध्याला मद्रासची गाडी पकडली, तिसऱ्या वर्गात दाराजवळ जागा मिळाली. फुलचंदनं बायकोनं, मानीबाईनं, बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी सोडल्या, अर्धी भाकर मिरचीच्या ठेच्यासकट मधुसूदनच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “बाबूजी, मी हारलो तं हसजान नोका. आन् जितलो तं सांगजा की मले बाबूजीनं शिकोलं.” भाकर हातावर होती तेव्हा सांगता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे महिनाभर का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. एक दिवस उशीर झालेली गोष्ट सांगता येते. महिना उशीर झालेली गोष्ट सांगायची तर आधी स्वतःला सांगावं लागतं. बल्लारशाच्या पुढं जंगल लागलं. फुलचंद बसल्या बसल्या झोपला. त्याचं डोकं डुलत डुलत मधुसूदनच्या खांद्यावर आलं आणि पहाटेपर्यंत तिथंच राहिलं. मधुसूदननं खांदा हलवला नाही. पुढं आयुष्यभर तो खांदा थंडीत दुखायचा. गोष्टीत त्यानं हे कधी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तिथं शाळेच्या हॉलात टेबलं मांडली होती. फुलचंद खुर्चीवर मांडी घालून बसायचा. पहिल्या दिवशी लोक त्याच्या पटक्याला हसले, तिसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाभोवती उभे राहायला जागा उरली नाही. तेवढं सारं खरं होतं. हॉटेलात सांगताना मधुसूदन नेमकं तेवढंच सांगायला विसरायचा. आठव्या डावात समोर तो होता ज्याचं नाव पुढं यादीत लागलं. दुपारचे तीन. पंख्याचा घरघराट. फुलचंदचं पांढरं प्यादं डावीकडून दुसऱ्या रांगेत शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर. काळा राजा त्याच शेवटच्या ओळीत, मधली दोन घरं सोडून उघडा. वजीर ठेवला की ओळीतून सरळ शह, आणि पुढच्या चालीला सारं संपलं. समोरच्या खेळाडूनं हात पुसला, डाव सोडायला राजाला हात लावणार तशी बोटं पुढं केली. फुलचंदनं प्यादं पुढं सरकवलं. पंचानं इंग्रजीत विचारलं, कोणतं मोहरं हवं? फुलचंदनं दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्या मधुसूदनकडे पाहिलं. भाषा सांगायला मधुसूदनला परवानगी होती, चाल सांगायला नव्हती. “काय ठेवायचं, विचारतात,” तो म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. फुलचंद मोकळं हसला. “हे का विचारणं झालं बाबूजी? घोड्याच्या घरी घोडाच नं! दुसरं काय?” पंच मधुसूदनकडे बघत होता. “नाईट,” मधुसूदन म्हणाला. एवढा एकच शब्द. पंचानं पुन्हा विचारलं, खात्री आहे ना? आणि मधुसूदननं मान हलवली. टक्कन आवाज झाला. घोडा आपल्या घरी उभा राहिला. हॉलमध्ये आधी कुजबुज, मग हसू. समोरच्यानं पुढं केलेली बोटं हळूच मागं घेतली.

त्यानंतर चार चालींनी काळं प्यादं खाली पोचलं, हत्तीच्या घरात, आणि समोरच्यानं तिथं वजीर ठेवला. फुलचंदला वाटलं चुकून ठेवला. त्यानं अगदी नम्रपणे ते मोहरं बोटानं थोडं बाजूला केलं आणि तिथं ठेवायला हत्ती शोधू लागला. पंचानं त्याचा हात धरला. हसू इतकं झालं की कोणीतरी घंटी वाजवली. फुलचंद वजिराकडे बघत राहिला. डोळ्यांपुढं दिवसाढवळ्या एखादी नदी उलटी वाहताना दिसावी तसा. मग त्यानं मान उचलून मधुसूदनकडे पाहिलं. राग नव्हता. विचारणंही नव्हतं. रस्ता चुकलेल्या तांड्यातला पुढचा माणूस मागच्याकडे बघतो तसं ते बघणं होतं: तुले मालूम होतं का रे?

परतीच्या गाडीत वारंगळ मागं पडलं. मग फुलचंदच म्हणाला, खिडकीबाहेर बघत, “बाबूजी, तुमी तं सांगतलं असन. मीच विसरलो असन.” गाडीचा आवाज मोठा होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मधुसूदननं मान हलवली. हो, असं. फुलचंदनं खिशातून बिडी काढली, पेटवली, आणि पुन्हा म्हणाला, “मीच विसरलो.” या वेळी ‘असन’ नव्हतं. त्यानं ते खोटं तयार करून, घडी घालून, मधुसूदनच्या हातावर ठेवलं होतं. त्याच्या जन्मात त्याला कोणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं. फुलचंदनं पुन्हा मोहऱ्याला हात लावला नाही. पट्टा मिळाला त्या दिवशी कचेरीत आला होता, तर निंबाखाली खेळणाऱ्यांकडे पाठ करून बसला. बासष्टच्या पावसाळ्यात तीन दिवसांच्या तापानं गेला. मधुसूदन तांड्यावर गेला तेव्हा मानीबाईनं त्याला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, “तुमचं लय नाव घे.” बारा वर्षांची गंगी दाराशी उभी होती. मंडळींपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, “देशाच्या खेळात हारून आला, तवापासून खचलाच तो.” आणि मधुसूदनच्या तोंडून, त्याचं त्यालाच नवल वाटत, पहिल्यांदा निघालं: “कोण म्हणतं हरला? तुम्हाला कोणाला पटणार नाही, पण...” गंगी दारातून आत आली आणि त्याच्या पायाशी बसली. त्या दिवशी तो अर्धा तास बोलला. मानीबाई रडता रडता हसली. घरी येताना त्याला वाटलं, एवढं तर मी करूच शकतो. मेलेल्या माणसाला रोज थोडा थोडा जिंकवत नेऊ शकतो.

घराचं फाटक लोटलं तेव्हा गंगीच्या चपला पायरीवर होत्या. ती पुढच्या खोलीत सतरंजीवर बसली होती, मांडीवर वही, समोर पुठ्ठ्याचा पट आणि पिशवीतली स्वस्तातली मोहरी. “काका, कुठं गेलते? मी कवाची वाट पाहून राह्यली.”

“हे काय आणलंस?”

“वसतिगृहाच्या बेबीताईनं शिकोलं मले. दिवाळीपासून. तुमाले सांगतलं नाही, म्हटलं एकदम हारवीन.” ती हसली, आणि हसताना डोळे पटाकडे न ठेवता भलतीकडेच ठेवले. “उद्या माहा पाठ हाय काका. तपासणीवाल्या बाई येणार. विषय हाय, आपल्या जिल्ह्यातले मोठे माणसं. मी बाचं नाव देलं.”

आतून पद्मजा म्हणाली, “आधी जेवून घ्या, मग गोष्टी. वांगी गार होतात.”

“काकू, दोन मिन्टं.” गंगीनं वहीचं पान सरळ केलं. मग तिचा आवाज खाली आला. “सकाळी ताईनं पेपर वाचून दाखोला साऱ्या पोरींले. कोणी खेडूत होता म्हणे, त्यानं वजीर सोडून घोडा मागतला. पोरी लय हासल्या. मीबी हासली थोडी.” ती थांबली. “मंग म्हटलं, विदर्भातला म्हणतात, सत्तावन साल म्हणतात. तो दुसरा कोणी असन नं काका?”

दुसरा कोणी. हॉटेलातून निघताना नंदकिशोरनं हाच दरवाजा उघडून दिला होता. त्यातून बाहेर पडायला काहीच लागत नव्हतं, एक मान हलवली की झालं. पण मग फुलचंदचा घोडा कुठं जाणार? पाच वर्षं ज्या घोड्यावर त्याला बसवून गावोगाव मिरवला तो? मधुसूदन खाली बसला. गुडघे वाजले. “पेपरवाल्यांना काय कळतं?” तो म्हणाला, आणि जीभ आपोआप चालू लागली, हॉटेलातल्यासारखी, पण मिजास नसलेली. “घोडा मागितला तो त्यानंच. मुद्दाम मागितला. सारे हसले, वजीर सोडून घोडा! आणि घोडा ठेवला तसा शह. राजाला शह आणि हत्तीवर मारा, दोन्ही एकदम. हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली.”

“असं मांडा नं मंग. मी उद्या फळ्यावर काढीन पट. कोणी म्हणन खोटं, तं दाखवीन.” तिनं मोहरी ओतली. “घोडा कोठी होता?”

“इथं. डावीकडून दुसरं. शेवटची ओळ.”

“आन् राजा?”

त्याला दुसरं कुठलंही घर दाखवता आलं असतं. चौसष्ट घरं होती. घोडा जिथं पोचतो अशी तीन घरं तर अगदी समोर होती. पण त्याचं बोट गेलं ते त्याच घराकडे, पंख्याखालच्या त्या दुपारच्या घराकडे, शेवटच्या ओळीत, मधली दोन घरं सोडून. गंगीनं राजा तिथं ठेवला. मग ती पटाकडे बघत राहिली. या वेळी भलतीकडे नाही, पटाकडेच. आत पद्मजाच्या झाऱ्याचा आवाज थांबला.

“काका,” गंगी हळूच म्हणाली, “घोडा आपल्याच ओळीत मारत नाही.”

मधुसूदन सतरंजीवर पडलेलं एक प्यादं उचलून पिशवीत ठेवू लागला.

“हा शह लागतच नाही.” तिनं घोडा उचलला, त्या जागी वजीर ठेवला, आणि बोटानं वजिरापासून राजापर्यंत सरळ रेघ ओढली. “हा लागते. हे ठेवलं असतं तं बा जितलाच होता.” तिनं वर पाहिलं. “पेपरात आला तो बाच होय नं?”

“हो,” मधुसूदन म्हणाला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीतलं एक वाक्य खरं निघालं, आणि ते इतकं छोटं होतं.

“मंग त्यानं वजीर काहून नाही मागतला?”

आता. आता सांगता येईल, त्याला वाटलं. समोर बसलेली फुलचंदचीच पोर आहे, दुसरं कोणी नाही. दहा वर्षं उशीर झालाय, पण विचारणाऱ्यानं इतकं सरळ विचारलं की उत्तरही सरळच येईल.  आतल्या दारात पद्मजा येऊन उभी राहिल्याचं त्याला न बघता कळलं. उन्हाचा पट्टा, धुळीचे कण, चौथी ओळ, सारं अगदी जिभेच्या टोकाशी आलं. त्यानं श्वास घेतला. आणि जे बाहेर पडलं ते फुलचंदनं वारंगळच्या पुढं त्याच्या हातावर ठेवलं होतं तेच.

“मी सांगितलं होतं गं त्याला. नियम सांगितला होता. ऐन वेळी विसरला बिचारा.”

गंगीनं वही मिटली. तिनं आवाज चढवला नाही. तिच्या बापानंही कधी चढवला नव्हता.

“बा विसरला?” ती म्हणाली. “काका, बाच्या आज्याच्या लदेणीतल्या दीडशे बैलांचे नावं बा झोपीतून उठवलं तरी सांगे. कोणता बैल कोण्या नाल्यात बसला, कोण्या साली, कोणाच्या हातची गोणी होती, सारं. याडी, माही माय, एखांदी गोष्ट दोनदा सांगे तं तिच्यावर चिडे, एकदा सांगतली नं, म्हणे.” तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. “खोटं बोलता तुमी. तुमी त्याले सांगतलंच नाही.”